लंडन मॉन्स्टरच्या (लंडनमध्ये बायकांवर धारदार हत्याराने वार करणाऱ्या हल्लेखोराला लोकांनी दिलेलं नाव) चित्रांवरून १७९० साली बायका खरंच तांब्याचे परकर घालायच्या असं म्हणता येईल का?

नाही, नुसत्या चित्रांवरून तरी नाही, कारण ही व्यंगचित्रं शहरात पसरलेल्या घबराटीची टर उडवायला काढलेली आणि दुकानाच्या काचेत लावून विकलेली होती. व्यंगचित्रकार आयझॅक क्रूकशँकच्या एका चित्रात बाईला मागच्या बाजूला तांब्याचं कवच बसवतायत आणि त्याच काळातला दुसरा व्यंगचित्रकार जेम्स गिलरेच्या मे १७९० च्या चित्रात तर लंडनच्या बो स्ट्रीट कोर्टातल्या मॅजिस्ट्रेटांसमोर बाई झगा वर करून जखम दाखवतेय, आता यात दोघांचाही रोख बघ्या पुरुषांच्या आंबटशौकावर आहे, पुरावा म्हणून कोणी ते काढलेलं नाही. ब्रिटिश म्युझियमच्या साइटवर ही चित्रं आहेत, झूम करून चेहरे नीट बघा म्हणजे कळेल. फक्त एक लक्षात ठेवा, चित्रं अतिरंजित असली तरी हल्ले सगळेच काल्पनिक नव्हते. १७८८ ते १७९० मध्ये ५० हून जास्त बायकांनी तक्रारी केल्या, मांड्या-कुल्ल्यांवर खरे वार झाले होते (काही तक्रारी मात्र बनावट निघाल्या), जॉन ज्युलियस अँगरस्टीन या श्रीमंत विमा व्यावसायिकाने हल्लेखोराला पकडून देण्यासाठी १०० पौंडांचं इनाम लावलं आणि मग कृत्रिम फुलं बनवणाऱ्या ऱ्हिनविक विल्यम्सला ६ वर्षं तुरुंगवास झाला, तोच खरा गुन्हेगार होता का यावर आजही वाद आहे.