शुक्रवारचा पांढरा रस्सा

प्रश्न: बाई, धर्मशिक्षणाच्या वर्गात मी तुमच्याकडंच होते. आता कसबा बावड्यात असते. ईस्टरआधीच्या उपवासकाळात शुक्रवारी आम्ही कॅथलिक मटण खात नाही, पण नवरा म्हणतो, "फोडी नकोत, नुसता पांढरा रस्सा चालतोय की!" मग कधी मिसळ, कधी सुरमई. मुलगा 11 वर्षांचा आहे. सासूबाई 72 च्या, साखर आहे, तरी हट्टानं उपास धरतात. आमचं काही चुकतंय का?

उत्तर: आधी सासूबाईंचं बघ. उपासाचं बंधन 18 पूर्ण झाल्यापासून 59 पूर्ण होईपर्यंतच. तेही राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे, या दोनच दिवशी: एकदा पोटभर, बाकी दोनदा थोडंथोडं. साखरेची गोळी घेऊन उपाशी राहिल्या तर चक्कर येऊन पडतील. तुझं ऐकत नसतील तर फादरांना सांगायला लाव. सुनेचं न ऐकणाऱ्या बायका फादरांचं ऐकतात. मांसवर्ज्य 14 वर्षांपासून, त्यामुळं पोराला सक्ती नाही. पण त्याच्यापुरतं चिकन वेगळं शिजवू नकोस.

आता रस्सा. नवरा वकील आहे का गं? चर्चच्या 1983 च्या विधिसंहितेत, म्हणजे नियमांच्या पुस्तकात, नुसतं 'मांस' म्हटलंय, हे खरं. 1917 च्या जुन्या संहितेत मात्र मांसाचा रस्साही स्पष्ट वर्ज्य होता. आणि कोल्हापुरात राहून पांढरा रस्सा कशाचा होतो हे मी सांगायला हवं का? अळणी पाणी मटणाचंच. वाटीवर वाटी ओरपून 'मी मटण खाल्लं नाही' म्हणणं देवाला कळत नाही असं थोडंच आहे!

मिसळ, सुरमई नियमात बसतात. पण सुरमई मटणापेक्षा महाग पडली, तर त्या शुक्रवारी नेमकं सोडलं काय? राखेच्या बुधवारी चर्चमध्ये वाचतात त्या शुभवर्तमानात दान, प्रार्थना, उपवास ही तिन्ही एकत्र येतात. आपण उपवास धरतो आणि दान विसरतो.

मी स्वतः विसरलेय. एका वर्षी मटणाचे वाचलेले पैसे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकत होते. मध्येच गॅस संपला. '800 घेतले, देणे आहे' अशी चिठ्ठी डब्यात टाकली. गुड फ्रायडेला डबा उघडला तर चिठ्ठी होती, 800 नव्हते. क्रूसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या प्रार्थनेची, 14 स्थानं मी त्या दिवशी खाली मान घालून केली.

दुसऱ्या वर्षीपासून डबा बंद. शुक्रवारी दुपारी भाकरी आणि झुणका करायचा, चार माणसांपुरता जास्त, आणि संध्याकाळी सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या आवारात न्यायचा. राधानगरी, गगनबावड्याकडून पेशंट घेऊन आलेली माणसं तिथं कट्ट्यावर बसलेली असतात. पहिल्यांदा गेले तेव्हा काय बोलावं सुचेना. एका आजोबांनीच विचारलं, "कुठनं आलासा?" मी म्हटलं, "हितनंच." त्यांनी भाकरी घेतली, अर्धी मोडून माझ्यासमोर धरली. नाही म्हणता आलं नाही.

गुड फ्रायडे धरून सात शुक्रवार होतात. पोराला बरोबर ने, पिशवी त्याच्या हातात दे. नवऱ्याला झुणका हाटायला लाव, वकिली तरी थांबेल.