अदिस अबाबाचा बोले विमानतळ कसा आहे? मुंबईहून जाताना तिथे विमान बदलायचे आहे.

निर्धास्त जा, फक्त हातातल्या बॅगेत स्वेटर ठेवा. बोले समुद्रसपाटीपासून सुमारे 2,330 मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहून जवळपास 700 मीटर उंच आहे. रात्री चांगलाच गारठा असतो.

या उंचीमुळेच तिथल्या धावपट्ट्या लांबलचक आहेत. हवा विरळ असली की विमानाला उड्डाणासाठी जास्त वेग आणि जास्त अंतर लागतं. शहराचा जुना विमानतळ लिदेता इथे होता. तो जेट विमानांना पुरेना, म्हणून 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला बोले उभा राहिला. 2003 मध्ये टर्मिनल 2 आलं आणि 2019 मध्ये त्याचा मोठा विस्तार झाला. क्षमता वर्षाला सुमारे 2.2 कोटी प्रवाशांची झाली. आफ्रिकेतल्या इतक्या शहरांना जोडणारं ठिकाण दुसरं क्वचितच सापडेल, त्यामुळे विमानं बदलणाऱ्यांची गर्दी मात्र खूप असते. दोन विमानांमध्ये किमान दोन-अडीच तास ठेवा, हा माझा आग्रहच समजा.

घड्याळ अडीच तास मागे करायला विसरू नका. आता बोलेही अपुरा पडतोय, म्हणून अदिस अबाबापासून जवळच्या बिशोफ्तू शहरालगत याहून कितीतरी मोठा विमानतळ उभारायचं इथिओपियाने ठरवलं आहे.