‘बेनिफिटवर आहात? मग सॉरी’ : इंग्लंडमधल्या भाड्याच्या घरांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी हॅरोमध्ये राहते, नवऱ्यापासून वेगळी झालेय. मुलगी नऊ वर्षांची, सप्टेंबरमध्ये दहाची होईल, मुलगा सहाचा. शाळेत टीचिंग असिस्टंट आहे, आठवड्याला 20 तास, बाकीचं युनिव्हर्सल क्रेडिटवर (यूसी, म्हणजे कमी कमाई असणाऱ्यांना मिळणारी सरकारी मदत) भागतं. आयएलआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, आहे. आता घरमालकांचा फोन आला की घर विकायचंय, दोन महिन्यात खाली करा. एजंटांना फोन करतेय तर यूसीचं नाव काढलं की ‘लँडलॉर्डला प्रोफेशनल्स हवेत’ नाहीतर ‘घर आत्ताच गेलं’. मैत्रीण म्हणते यूसीचं सांगूच नकोस, फक्त पगार सांग. पुण्याहून बाबा म्हणतात सहा महिन्यांचं भाडं एकदम पाठवतो, मग कोण नाही म्हणेल? मंडळात कुणाला विचारायची लाज वाटते. काय करू?

उत्तर : लाज कसली त्यात, तुम्ही नोकरी करताय, दोन पोरं सांभाळताय आणि हक्काचे पैसे घेताय. मंडळात विचारा बिनधास्त, बरीच घरं तर ओळखीतूनच मिळतात.

आधी आहे त्या घराचं बघू, कारण घाईत लोक इथेच फसतात. फोनवर ‘खाली करा’ म्हणणं ही नोटीस नाही. इंग्लंडमध्ये 1 मे 2026 पासून नवीन रेंटर्स राइट्स कायदा लागू झालाय (हो, नेमका महाराष्ट्र दिनालाच!) आणि कारण न देता घर खाली करायला लावणारी जुनी सेक्शन 21 नोटीस बंद झालीय. घर विकायचं असेल तर मालकाला ठरलेल्या फॉर्मवर लेखी नोटीस द्यावी लागते, ती चार महिन्यांची, आणि टेनन्सीच्या, म्हणजे भाडेकराराच्या, पहिल्या वर्षात या कारणाने बाहेर काढता येत नाही. मुदत संपल्यावरही तुम्ही निघाला नाहीत तर त्यांना कोर्टात जावं लागतं. म्हणजे तुमच्याकडे दोन महिने नाहीत, बरेच जास्त आहेत. स्वतःहून आधीच किल्ली देऊन मोकळं होऊ नका, उद्या काउन्सिलकडे (इथल्या नगरपालिकेकडे) मदत मागायची वेळ आली तर ‘तुम्ही आपणहून घर सोडलंत’ असं ऐकावं लागेल. लेखी नोटीस हातात पडली की काउन्सिलच्या हाउसिंग विभागाला लगेच कळवा, कारण घर जायला 56 दिवस उरले की मदत करायची कायदेशीर जबाबदारी त्यांच्यावर येते, पण तिथल्या रांगा तुम्हाला माहीत असतीलच.

आता एजंट. ‘नो डीएसएस’, म्हणजे सरकारी बेनिफिट घेणारे भाडेकरू नकोत, ही पाटी तुम्ही पाहिली असेल, ज्या खात्यावरून ती आली ते खातं 2001 मध्येच बंद झालं, पाटी मात्र अजून जिवंत. जुलै 2020 मध्ये यॉर्कच्या काउंटी कोर्टाने सांगितलं की बेनिफिटवाल्यांना सरसकट नकार देणं बेकायदेशीर आहे, कारण त्याचा फटका बायकांना आणि अपंगांना जास्त बसतो. आता तर नव्या कायद्यातच लिहिलंय की बेनिफिट मिळतं म्हणून किंवा मुलं आहेत म्हणून घर नाकारता येणार नाही, जाहिरातीतही तसं लिहिता येणार नाही. पण नीट ऐका, कायदा तुम्हाला घर देत नाही, फक्त रांगेत उभं राहू देतो. ‘तुम्हाला हे भाडं परवडणार नाही’ असं मालक आजही म्हणू शकतो आणि खरी लढाई तिथेच आहे.

म्हणून मैत्रिणीचा सल्ला ऐकू नका. नुसता 20 तासांचा पगार सांगितलात तर परवडण्याच्या हिशोबात पहिल्याच फेरीत बाद व्हाल. आणि खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली असं निघालं तर होल्डिंग डिपॉझिट, म्हणजे घर राखून ठेवायला भरलेली रक्कम (जास्तीत जास्त एका आठवड्याचं भाडं), एजंट ठेवून घेऊ शकतो. त्याऐवजी उलट करा, त्यांनी विचारायच्या आधी तुम्हीच एक पानाचा कागद पाठवा : पगार, यूसीचं शेवटचं स्टेटमेंट, चाइल्ड बेनिफिट, सगळ्याची बेरीज, आणि मागच्या वर्षभराचं भाडं वेळेवर गेल्याचं बँक स्टेटमेंट. बरेच एजंट वर्षाची कमाई महिन्याच्या भाड्याच्या 30 पट हवी म्हणतात, म्हणजे 1,500 पौंड भाड्याला 45,000. हा आकडा टॅक्स कापायच्या आधीच्या पगाराचा असतो आणि यूसीवर टॅक्सच नाही, हे त्यांना सांगावं लागतं, आपणहून कोणी लक्षात घेत नाही.

पण हा कागद करायच्या आधी तुमचा स्वतःचा हिशोब पक्का हवा. यूसीमध्ये भाड्यासाठी जास्तीत जास्त किती मिळणार हे लोकल हाउसिंग अलाउन्सवर ठरतं, आणि तो दर त्या भागातल्या सगळ्यात स्वस्त 30 टक्के घरांपर्यंतच पोचेल असा लावलेला असतो, तोही एप्रिल 2024 मध्ये वाढवला आणि तेव्हापासून तिथेच गोठवलाय. भाडी काही गोठली नाहीत. वरचा फरक तुमच्या खिशातून. सरकारी साइटवर पोस्टकोड टाकला की दर दिसतो, घर बघायला जायच्या आधी तो बघायचाच. बेडरूमचं गणित तर तुमच्या बाबतीत मजेशीर आहे : दहाच्या आतल्या दोन मुलांनी, मुलगा असो मुलगी असो, एक खोली वाटून घ्यायची असं धरतात, म्हणून आज तुम्हाला दोन बेडरूमचा दर आहे, पण सप्टेंबरमध्ये मुलगी दहाची झाली की तीन बेडरूमचा लागू होतो. भाऊ-बहिणीला वेगळी खोली धरतात म्हणून. तेव्हा सप्टेंबरनंतरचं घर शोधताय तर तीन बेडरूमच्या दराने शोधा. (तीनच बेडरूम घेतल्या पाहिजेत असं नाही, मोठं टू-बेडही त्या दरात बसू शकतं.)

बेनिफिट कॅपची, म्हणजे एकूण बेनिफिटवरच्या कमाल मर्यादेची, भीती कोणी घातली असेल तर, लंडनमध्ये मुलांसह कुटुंबाला तो महिन्याला 2,110 पौंडांच्या आसपास आहे, लंडनच्या बाहेर 1,835. पण आठवड्याला 16 तास किमान वेतनाने जेवढे होतील तेवढी महिन्याची कमाई असली की कॅप लागतच नाही, तुम्ही त्यात बसायला हव्यात. फक्त शाळेचा पगार सुट्ट्यांमुळे कमी करून बारा महिन्यांत वाटलेला असतो, म्हणून पेस्लिपवरचा खरा आकडा बघून घ्या.

आता बाबा. त्यांची माया कळते, पण सहा महिन्यांचं भाडं आगाऊ हा मार्गच बंद झालाय. नव्या कायद्याने टेनन्सी सुरू व्हायच्या आधी एका महिन्यापेक्षा जास्त भाडं मालक घेऊच शकत नाही, तुम्ही हात जोडून दिलं तरी. आणि मोठी रक्कम तुमच्या खात्यात पडून राहिली तर दुसरीच भानगड : बचत 6,000 पौंडांवर गेली की यूसी कमी होतं, 16,000 च्या वर गेली की बंद. यात भारतातलं सगळं धरतात बरं का, ठाण्यातला नावावरचा फ्लॅट, पोस्टातली एफडी सगळं. आपल्याकडचे खूप जण ते सांगत नाहीत, ‘इकडे कोणाला कळतंय’ म्हणून, आणि मग वर्षांनी वसुलीचं पत्र येतं. बाबांना म्हणावं डिपॉझिटला हातभार लावा, ते पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही (वर्षाचं भाडं 50,000 च्या आत असेल तर). त्यासाठी काउन्सिलकडेही मदत मागा.

आणि पुन्हा कोणी ‘प्रोफेशनल्स हवेत’ म्हणालं तर वाद घालू नका, एवढंच म्हणा की हे मला ईमेलवर कळवाल का. बऱ्याचदा घर अचानक पुन्हा शिल्लक निघतं. नाहीच निघालं तर तो ईमेल घेऊन काउन्सिलकडे तक्रार करा, घरांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या शेल्टर संस्थेची हेल्पलाइन फुकट आहे, तीही वापरा.

प्रश्न : मॅडम, स्लाऊला आमचा टू-बेड फ्लॅट आहे. आपल्या लोकांच्या ग्रुपवर जाहिरात टाकली, ‘फक्त वर्किंग प्रोफेशनल, नो बेनिफिट्स’. एकाने लिहिलं दंड होईल. माझं घर कोणाला द्यायचं ते मीच ठरवणार ना? माझ्या मॉर्गेजमध्येही बेनिफिटवाले नकोत असं लिहिलंय. भाडं थकलं तर कोण देणार?

उत्तर : ठरवा की तुम्हीच, फक्त या कारणाने नाही. जाहिरात आजच काढा. काउन्सिल 7,000 पौंडांपर्यंत दंड करू शकते, आणि व्हॉट्सअॅप ग्रुप ही काही खासगी ओसरी नाही. मॉर्गेजमधल्या त्या अटीचा आता उपयोग नाही, नव्या कायद्याने ती निकामी केलीय.

थकबाकीची काळजी मात्र रास्त आहे, तर तिचं बघू. यूसीतलं भाडं आधी भाडेकरूच्या हातात जातं. दोन महिने थकले की तुम्ही ते थेट तुमच्या खात्यात मागू शकता. तीन महिन्यांची बाकी झाली तर घर परत मागायला पक्कं कारण मिळतं, पण नुसता यूसीचा हप्ता यायचा राहिला म्हणून थकलेलं त्यात मोजत नाहीत. पहिला हप्ता यायलाच पाच आठवडे लागतात, हे भाडेकरूला घर देतानाच धरून चला. आणि एक सांगू का, वरचं हॅरोच्या ताईंचं पत्र वाचा. शाळेतली नोकरी, वर दर महिन्याला ठरल्या तारखेला येणारं यूसी. तुमच्या कन्सल्टंट भाडेकरूची नोकरी जायला एक ईमेल पुरतो.

प्रश्न : मी नाशिकहून लिहितेय. मुलगा-सून कोव्हेंट्रीला वर्क व्हिसावर आहेत. सुनेची नोकरी गेली, भाडं जड जातंय. तिकडे सरकार भाडं देतं असं वाचलं, तर त्यांनी अर्ज कुठे करायचा?

उत्तर : काकू, आत्ता कुठेच करायचा नाही आणि त्यांना हे आजच फोन करून सांगा. वर्क व्हिसावर सरकारी मदत घ्यायची नाही अशी अट असते, यूसी त्यात येतं, काउन्सिल टॅक्समधली गरिबांसाठीची सूटही येते. अर्ज केला तर व्हिसाची अट मोडते आणि पुढे आयएलआरला ते नडतं. वरच्या ताईंना आयएलआर आहे, म्हणून त्यांचं वेगळं.

पण एक गोष्ट आहे जी फार कमी जणांना माहीत असते. सूनबाई मुलाच्या व्हिसावर डिपेंडंट असतील आणि मागची दोन-तीन वर्षं नोकरी करून नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी विम्याची वर्गणी) भरला असेल, तर ‘न्यू स्टाइल जॉबसीकर्स अलाउन्स’ हा बेकारी भत्ता मागता येईल. तो त्या इन्शुरन्सवर मिळतो म्हणून सरकारी मदतीत धरत नाहीत, सहा महिन्यांपर्यंत मिळू शकतो. भाडं त्यात निघणार नाही पण किराणा निघेल. अर्ज भरताना चुकून यूसीचा फॉर्म उघडू नये, सरकारी साइटवर दोन्ही शेजारी-शेजारीच आहेत. नोकरी तिच्याच स्वतःच्या स्पॉन्सरशिपवर होती तर मात्र आधी इमिग्रेशन वकिलाला गाठा, तिथे भाड्यापेक्षा व्हिसाची मुदत आधी बघावी लागते.

आणि मालकाने मध्येच भाडं वाढवलं असेल तर ते वर्षातून एकदाच, दोन महिन्यांच्या लेखी नोटिशीने वाढवता येतं, जास्त वाटलं तर भाड्याचे वाद ऐकणाऱ्या ट्रायब्युनलकडे जाता येतं. त्याला व्हिसा आड येत नाही.