वावर पडीक आहे, पण सातबाऱ्यावर ओळ नाही

भाऊ, सगळ्यात आधी हे: विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट डिस्क 'डायनॅमिक' करू का असं विचारतंय, त्याला 'येस' दाबू नका. अजून दाबलं नसेल तर तुमचं काहीच बिघडलेलं नाही.

दारव्ह्याकडच्या तुमच्या सेवा केंद्रातल्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज 10 ठेवून शेजारी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टम टाकायची आहे. डी ड्राइव्ह कमी करून 60 जीबी मोकळे केले, पण मिंटचा इन्स्टॉलर त्या जागेला 'अनयूजेबल' म्हणतो. मग विंडोजमधूनच तिथं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, करायला गेलात, तर डिस्क 'डायनॅमिक', म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या वेगळ्या मांडणीची, होईल असा इशारा आला.

डिस्क खराब नाही. सिस्टम रिझर्व्ड, रिकव्हरी, सी आणि डी अशी चार पार्टिशन तुम्ही लिहिलीत, चारही प्रायमरी, म्हणजे मुख्य यादीतली. डिस्कवर पार्टिशनची नोंद ठेवायची ही जुनी एमबीआर पद्धत. डिस्कच्या पहिल्या 512 बाइटमध्ये पार्टिशनच्या नोंदीसाठी फक्त 64 बाइट असतात आणि एका नोंदीला 16 लागतात. चार झाल्या की संपलं. वावर पडीक आहे, पण सातबाऱ्यावर पाचवं नाव चढवायला ओळच नाही.

डायनॅमिक केलं तर विंडोजला पाचवं पार्टिशन करता येईल, पण मिंटचा इन्स्टॉलर तिथं चालणार नाही. शिवाय विंडोजच्या स्वतःच्या साधनानं परत बेसिक करायचं तर सगळी पार्टिशन पुसावी लागतात. जीपीटीत, म्हणजे नोंदीच्या नव्या पद्धतीत, बदला असंही कुणी सांगेल. विंडोजमधलं एमबीआर-टू-जीपीटी साधन जास्तीत जास्त तीन प्रायमरी असतील तरच काम करतं, म्हणून तेही सध्या नको.

रिकव्हरी पुसली तर ओळ मोकळी होते, पण मी ती पुसत नाही. विंडोज उठली नाही तर दुरुस्तीची पहिली आशा तीच, आणि गावात मोबाइल डेटावर अख्खी विंडोज उतरवणं किती जिवावर येतं ते तुम्हाला माहीत आहे. त्यापेक्षा डी मोडा. डीमधलं सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि दोन-चार फाइली तिथून उघडून पाहा. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर शट डाउन केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेली राहते आणि लिनक्सला तिच्या ड्राइव्हवर नीट लिहिता येत नाही. मग पेन ड्राइव्हवरून मिंट चालू करून त्यातलं पार्टिशन करायचं साधन, जीपार्टेड, उघडा. डी डिलीट करा, लागून असलेल्या 60 जीबीसकट त्या सगळ्या जागेचं एक एक्स्टेंडेड पार्टिशन करा, म्हणजे एकाच ओळीत बसणारा मोठा डबा, आणि त्यात मिंटसाठी 60 जीबी मोकळे सोडून डीसाठी एनटीएफएसचं (विंडोजच्या फॉरमॅटचं) लॉजिकल, म्हणजे डब्यातलं, पार्टिशन करा. लॉजिकलला चारची मर्यादा नाही आणि लिनक्स त्यावर सुखानं चालतं. त्यांचे नंबर पाचपासून सुरू होतात. लिनक्समध्ये अख्ख्या डिस्कचं नाव एसडीए असतं, म्हणून एसडीए5 दिसलं तर दचकू नका.

सी ड्राइव्हची सुरुवात मात्र सरकवू नका. पार्टिशन शेवटाकडून कमी केलं तर सहसा लवकर होतं. सुरुवात सरकवली की आतला सगळा डेटा उचलून नव्या जागी लिहावा लागतो, त्यात तास जातात. चुलतभावाच्या लॅपटॉपवर मी हेच करत होतो. लाइन गेली, बॅटरी आधीच मेलेली. मोठ्या बाबांच्या फेरफाराची स्कॅन केलेली कागदं त्यात होती, ती परत मिळाली नाहीत. अजूनही त्यांच्या घरी गेलो की मला ते आठवतं. तुमच्याकडे दुपारी लाइन जात असेल तर पहाटे बसा, इन्व्हर्टर भरलेला ठेवा.

पेन ड्राइव्ह बूट मेनूत दोनदा दिसू शकतो. 'यूईएफआय' लिहिलेला घेऊ नका, दुसरा घ्या. तुमची विंडोज जुन्या पद्धतीनं सुरू होते, मिंटही तसंच बसलं पाहिजे; नाहीतर इन्स्टॉलर ईएफआय पार्टिशन मागत बसेल. पुढे 'समथिंग एल्स' निवडून त्या मोकळ्या 60 जीबीत ईएक्सटी4 (लिनक्सच्या फॉरमॅटचं) पार्टिशन करा, माउंट पॉइंटच्या रकान्यात तिरकी रेघ (/) ठेवा आणि बूटलोडर, म्हणजे सिस्टम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, एसडीएवर टाका, एसडीए5 वर नाही.

विंडोजमध्ये परत गेल्यावर डीचं अक्षर बदललेलं असेल, तर डिस्क मॅनेजमेंटमधून पुन्हा डी द्या आणि बाहेर घेतलेलं सगळं तिथं परत टाका, म्हणजे तुमचे फॉर्म आणि सह्यांचे जुने शॉर्टकट चालतील.