फ्लूची लस, बाबांचे पंप आणि फेरेटची शिंक

पावसाळा तोंडावर आलाय आणि या महिन्याच्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं फ्लूबद्दलची आहेत, म्हणून गुडघेदुखी आणि शुगरचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलतोय. माझं आयुष्य छातीच्या वॉर्डात गेलं, त्यामुळे या विषयावर जरा जास्त बोलेन, सांभाळून घ्या.

प्रश्न : माझे वडील ७२ वर्षांचे आहेत, सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागण्याचा जुनाट आजार आहे, औषध श्वासातून ओढायचे दोन पंप (इनहेलर) चालू आहेत. मागच्या मे महिन्यात फ्लूची लस घेतली होती. आता डॉक्टर पुन्हा घ्या म्हणतायत. बाबा म्हणतात, देवीची लस लहानपणी टोचली ती टोचली, ही दरवर्षी कशाला? खरंच लागते का?
(लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : हो, दरवर्षी लागते. आणि बाबांवर चिडू नका, त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. देवीचा विषाणू वर्षानुवर्षं तसाच राहायचा, त्यामुळे एकदा टोचलं की बरीच वर्षं निभायचं. फ्लूचं तसं नाही. हा विषाणू शरीरात शिरला की स्वतःच्या नकला काढत सुटतो, नकला काढताना चुका करतो आणि त्या चुका सुधारायची सोय त्याच्याकडे नाही, म्हणून त्याच्या अंगावरची जी टोकं बघून आपलं शरीर त्याला ओळखतं ती टोकंच दर सीझनला थोडी थोडी बदलत जातात. मागच्या वर्षीची ओळख यंदा अर्धवट कामाला येते. शिवाय लसीने आलेली ताकद काही महिन्यांत उतरायला लागते, म्हाताऱ्या माणसात जरा लवकरच.

म्हणून जगभरातल्या लॅब बारा महिने रुग्णांचे नमुने तपासत असतात. हे जाळं १९५२ पासून चालू आहे, आपल्या पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था त्यात आहे. या तपासणीवरून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, पुढच्या लसीत कोणते विषाणू घालायचे ते सांगते. तुमच्याकडे लसीचं जुनं खोकं असेल तर बघा, त्यावर चार प्रकार लिहिलेले असतील आणि आता तीनच घाला असं सांगितलं जातं, कारण बी/यामागाता नावाचा प्रकार मार्च २०२० नंतर जगात कुठेच खात्रीने सापडलेला नाही. म्हणजे लस तीच असली तरी आतला माल बदललेला असतो, हे बाबांना सांगा.

आता त्यांच्या छातीचं. आपल्या श्वासनळ्यांना आतून बारीक केस असतात, ते सतत हलत असतात आणि धूळ, जंतू, कफ सगळं वर घशाकडे ढकलत राहतात. इंदूरच्या पेशंटला मी हे कचरागाडीवरून समजावतो. सकाळी गाणं वाजवत गाडी येते, आपण डबा घेऊन बाहेर पळतो, तशी ही आतली गाडी चोवीस तास फिरत असते. सीओपीडीत ती आधीच रखडत चालते. फ्लू झाला की तो नेमका हाच थर सोलून काढतो, म्हणजे गाडी बंदच, आणि मग साचलेल्या कफात न्यूमोनियाचे जंतू (म्हणजे बॅक्टेरिया, विषाणू वेगळे) निवांत घर करतात. १९१८ च्या साथीत हेच झालं. ती जूनमध्ये मुंबईत शिरली आणि देशात सव्वा ते दोन कोटी माणसं गेली असा अंदाज आहे. त्या साथीतले अमेरिकेत जपून ठेवलेले फुप्फुसांचे नमुने पुन्हा तपासले, त्याचा अभ्यास २००८ साली आला, तर जवळजवळ सगळ्यांत जंतूंच्या न्यूमोनियाच्या खुणा होत्या. विषाणूने दार उघडलं आणि आत शिरले ते जंतू.

लस काही चिलखत नाही, हे पण सांगतो, नाहीतर नंतर म्हणाल की डॉक्टरांनी सांगितलं नाही. विषाणूशी चांगला मेळ बसला त्या वर्षी साधारण ४० ते ६० टक्के बचाव होतो. पण सीओपीडीवाल्यांसाठी हिशोब वेगळा आहे. थायलंडमध्ये अशा १२५ रुग्णांवर चाचणी झाली, अर्ध्यांना लस आणि अर्ध्यांना नुसतं दिसायला तसंच इंजेक्शन, तर लसवाल्यांमध्ये फ्लूमुळे होणारे श्वासाचे आजार ७६ टक्क्यांनी कमी निघाले. ज्याची छाती आधीच काठावर उभी आहे त्याचा दम एकदम वाढण्याचा एक झटका जरी टळला तरी पुष्कळ झालं, कारण प्रत्येक झटक्यानंतर माणूस पूर्वीच्या जागी परत येतोच असं नाही, एक पायरी खालीच राहतो.

आणि वेळ चुकवू नका. आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, दुसरा जानेवारी ते मार्च. लस अंगी लागायला दोन आठवडे जातात, म्हणून एप्रिल-मे उत्तम. राहिलं असेल तर जूनमध्ये घ्या, राहू देऊ नका. न्यूमोनियाची लस वेगळी असते, ती दरवर्षी लागत नाही, पण तिचंही त्याच फेरीत डॉक्टरांना विचारून घ्या.

प्रश्न : सर, मागच्या अंकात तुम्ही एका संशोधकाला फेरेटच्या शिंकेने फ्लू झाला असं एका ओळीत लिहिलं आणि पुढे निघून गेलात. पूर्ण सांगा ना.
(बीएस्सीची विद्यार्थिनी, सुदामा नगर)

उत्तर : सांगतो बेटा, आणि आवडीने सांगतो.

फ्लू कशाने होतो हेच आधी कळत नव्हतं. १८९२ मध्ये जर्मनीत फायफर यांना रुग्णांच्या कफात एक जंतू सापडला आणि सगळ्यांना वाटलं हाच तो. तो नव्हता, पण त्या जंतूचं नाव आजही हिमोफिलस इन्फ्लुएंझाच आहे, परीक्षेत यावर मुलं हमखास घसरतात. मग १९३३ साली लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या तिघांनी फ्लू झालेल्यांच्या घशातलं पाणी घेतलं, जंतू अडकतील अशा गाळणीतून गाळलं आणि फेरेटच्या नाकात सोडलं. फेरेट म्हणजे मुंगसासारखा लांबट प्राणी. दोन दिवसांत त्यांना ताप, वाहतं नाक, शिंका, थेट आपल्यासारखं. म्हणजे जंतूपेक्षा बारीक काहीतरी होतं, विषाणू होता.

पण हा माणसाचाच फ्लू आहे हे उलट्या बाजूनेही दिसायला हवं होतं. १९३६ साली या तिघांच्याच संस्थेत चार्ल्स स्टुअर्ट-हॅरिस नावाचा तरुण डॉक्टर आजारी फेरेट तपासत होता आणि तो फेरेट त्याच्या तोंडासमोरच जोरात शिंकला. दोन दिवसांच्या आत पठ्ठ्या अंथरुणाला खिळला आणि त्याच्या घशातून तोच विषाणू परत मिळाला. माणसातून फेरेटमध्ये आणि फेरेटमधून माणसात, अशी साखळी पुरी झाली. त्याने ठरवून केलेलं नव्हतं ते, पण त्याच्या आणि स्मिथच्या नावावर तो निबंध आहे.

आणि मला तो माणूस त्या शिंकेमुळे आवडत नाही, पुढे त्याने जे केलं त्यामुळे आवडतो. १९४६ मध्ये तो शेफील्डला मेडिसिनचा प्रोफेसर झाला. शेफील्ड म्हणजे पोलादाचं गाव, कोळशाचा धूर, आणि वॉर्डात हिवाळाभर खोकणारे, निळे पडलेले कामगार. तिथे त्याने जुनाट ब्राँकायटिस म्हणजे श्वासनळ्यांची सूज, फुप्फुसं फुगणं आणि त्यापायी थकणारं हृदय यावर काम केलं, आणि फ्लूचा विषाणू आणि लसीचा विषयही सोडला नाही. विषाणूवाले विषाणू बघतात, छातीवाले छाती बघतात, याने दोन्ही एकाच खाटेवरच्या माणसात बघितलं. मी विद्यार्थी होतो तेव्हा आमचे सर राउंडला प्रत्येक ब्राँकायटिसवाल्याला आधी विचारायचे, गेल्या महिन्यात घरात कोणाला ताप आला होता का? आम्हाला ते उगाच वाटायचं. पुढे कळलं की ही नजर कुठून कुठून चालत आलीये.

प्रश्न : मी ६८ वर्षांची, माळकरी आहे. ही लस अंड्यात करतात असं नातवाने सांगितलं. मग मी घ्यावी का?
(एक आजी, जुनी इंदूर)

उत्तर : आजी, नातवाने खरं सांगितलंय आणि मी लपवणार नाही. बहुतेक फ्लूच्या लसींचा विषाणू कोंबडीच्या अंड्यात, आत पिल्लू वाढत असतं त्या पाण्यात वाढवतात, मग मारतात, शुद्ध करतात आणि त्याचे हवे तेवढेच तुकडे ठेवतात. शेवटी अंड्याचा अंश उरतो तो फार म्हणजे फारच थोडा. अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनाही आता ही लस देतात. अंड्याशिवाय, पेशींमध्ये वाढवलेल्या लसीही जगात आहेत, तुमच्या डॉक्टरांना विचारा इथे मिळेल का. बाकी तुमची माळ आणि तुमचा नेम हा तुमचा विषय, त्यात मी बोलणार नाही. एवढंच सांगतो की माझ्या कितीतरी माळकरी पेशंटनी हे औषध आहे, खाणं नाही, असं म्हणून हात पुढे केलाय.

प्रश्न : लस घेतली आणि दुसऱ्याच दिवशी अंग मोडून ताप आला. लसीनेच फ्लू दिला ना?
(राजवाड्याजवळचे एक दुकानदार)

उत्तर : नाही हो. सुईच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्याने फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखणं, कणकण, अंगदुखी एक-दोन दिवस राहते, ते शरीर तयारी करतंय त्याचं आहे, पॅरासिटामॉल घ्या आणि दुकानात बसा. त्याच आठवड्यात दुसरी कुठली सर्दी लागू शकते, ती लस थांबवत नाही.

प्रश्न : माझ्या आईने आयुष्यात बिडी-सिगारेटला हात लावला नाही तरी डॉक्टर सीओपीडी म्हणतात. चुकतायत का? आणि तिला ताप आला तर काय बघायचं?
(तिलक नगर)

उत्तर : ताई, चुकत नाहीयेत. एक विचारा आईला, चूल किती वर्षं होती?

माझी सख्खी आत्या. वाड्यात खालच्या मजल्यावर स्वयंपाकघर, खिडकी एक आणि ती पण अंगणाकडे नाही, बोळाकडे. पहाटे लाकडं, मग फुंकणी, मग धुरात डोळे पुसत भाकऱ्या, पुढे रॉकेलचा स्टोव्ह आला पण धूर तोच. पन्नाशीनंतर ती जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायला लागली आणि सगळे म्हणाले, वय झालं. मी स्वतः डॉक्टर, मी पण म्हणालो. नंतर नंतर ती खाटेच्या कडेला दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकून बसायची आणि गरम चहावर फुंकर घालावी तसे ओठ करून श्वास सोडायची. हे बसणं आता मी लांबूनही ओळखतो. २०१५ च्या सुरुवातीला देशात स्वाइन फ्लूची मोठी लाट आली, त्या वर्षी जवळजवळ ३,००० मृत्यू नोंदले गेले. घरात आधी नातीला ताप आला, मग हिला. तिसऱ्या दिवसापर्यंत आम्ही काढा आणि वाफ देत बसलो, चौथ्या दिवशी दवाखान्यात नेलं आणि ती परत आली नाही. लस तिने कधीच घेतलेली नव्हती. मी तिला कधी म्हटलंच नव्हतं.

म्हणून तुमच्या आईचं सांगतो. अचानक भरलेला ताप, अंग ठेचल्यासारखं दुखणं, कोरडा खोकला, असं झालं तर ते सर्दी-पडसं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण फ्लूची गोळी म्हणजे ओसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू झाली तर खरा उपयोग. बेडका पिवळा-हिरवा झाला, बोलताना वाक्य तुटायला लागलं, ओठ निळसर दिसले, गुंगी आली, ऑक्सिमीटरवर तिचा नेहमीचा आकडा घसरला, तर वाट बघू नका, भरती करा. तिचा नेहमीचा आकडा किती आहे ते आत्ताच, ती बरी असताना, कागदावर लिहून फ्रिजवर लावून ठेवा. घरात दुसऱ्या कोणाला ताप असेल तर त्याला वेगळ्या खोलीत झोपवा आणि आईजवळ जाताना मास्क लावायला सांगा. पंप तापात बंद करायचा नाही, लोक हमखास बंद करतात.

आणि लसीला घेऊन जाल तेव्हा पंप आणि स्पेसर (पंपाला लावायची नळी) पिशवीत टाका, डॉक्टरांसमोर तिला एकदा ओढून दाखवायला सांगा. दाबणं आणि ओढणं एकदम जुळतंय का, मग दहा मोजेपर्यंत श्वास धरतेय का, एवढं बघायला दोन मिनिटं पुरतात.