टॉरस इंजिनाचं मॉडेल सुटताना सरगम का वाजवतं?

तो आवाज खेळण्यातल्या इंजिनासाठी मुद्दाम रचलेला नाही. ऑस्ट्रियन रेल्वेचं खरं टॉरस (१०१६ आणि १११६ मालिका) इंजिनही सुटताना असंच सुरांच्या पायऱ्या चढतं. सीमेन्सच्या या इंजिनात मोटरला वीज पुरवणारा इन्व्हर्टर जीटीओ थायरिस्टरचा (वीज झपाट्याने चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचांचा) आहे. त्याची स्विचिंगची (चालू-बंद होण्याची) वारंवारता ऐकू येणाऱ्या पट्ट्यात असते, आणि सुटताना ती टप्प्याटप्प्याने अशी वाढवली आहे की जवळजवळ सप्तकच ऐकू येतं. (अभियंत्यांनी मुद्दाम केलेली गंमत, दुसरं काय!) मॉडेलमधल्या साउंड डिकोडरमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या आणि आवाज काढणाऱ्या छोट्या सर्किटमध्ये, शक्यतो खऱ्या इंजिनाचं ध्वनिमुद्रणच भरतात. म्हणून मॉडेल उभं असतानाही पंख्यांची घरघर, कॉम्प्रेसर, पँटोग्राफ (वरच्या तारेतून वीज घेणारा छतावरचा सांगाडा) वर जाताना होणारा खटका ऐकू येतो.

फक्त एचओ म्हणजे १:८७ मापाच्या इंजिनात स्पीकर काड्यापेटीपेक्षाही लहान. ट्रान्सफॉर्मरचा खर्जातला गुंजारव त्यातून निघतच नाही, आणि आवाज पूर्ण ठेवला तर नुसता चिरका येतो. आधी तो कमी करून पाहा. इएसयू कंपनीच्या लोकसाउंड डिकोडरमध्ये त्यासाठी सीव्ही ६३ (६३ क्रमांकाचं सेटिंग) आहे.