तुमचे प्रश्न : एमएच ३९ आणि तुर्कस्तानातला ८१

प्रश्न : राम राम भाऊ. धुळ्यात हायवेला लागून माझं पंक्चरचं दुकान आहे. आग्रा रोड, सुरत-नागपूर रोड, सोलापूरकडचा रोड, सगळीकडच्या गाड्या येतात, त्यामुळे नंबर बघितला की हाई गाडी कोठली शे ते मी लगेच सांगतो, लहानपणापासूनचा नाद आहे. आता भाचा इटलीला शिकायला गेलाय, तो तिकडच्या गाड्यांचे फोटो पाठवतो. इटलीची आणि फ्रान्सची प्लेट शेजारी ठेवली तर मला फरकच कळेना. दोघींना निळ्या पट्ट्या, दोन अक्षरं, तीन आकडे, परत दोन अक्षरं. आपल्या नव्या प्लेटवर पण डावीकडे निळं आयएनडी आहेच. हे सगळ्या देशांनी मिळून ठरवलंय का एकमेकांचं बघून केलंय?
– एक वाचक, धुळे

उत्तर : दादा, दोन्ही खरं आहे.

इटलीने ही पद्धत १९९४ ला घेतली, फ्रान्सने २००९ ला. फ्रान्सवाले मधे आडवी रेघ टाकतात, इटलीवाले टाकत नाहीत, बाकी अक्षर-आकड्यांचा क्रम तोच, म्हणजे एकच नंबर दोन्ही देशात असू शकतो. अल्बानिया, जॉर्जिया आणि २०१६ पासून अर्जेंटिना पण याच क्रमाने नंबर देतात. कारण साधं आहे, सातच खुणांत कोट्यवधी गाड्या बसतात आणि वाचायला पण सोपं जातं. मग देश ओळखायचा कसा, तर निळ्या पट्टीतल्या अक्षराने. इटलीचा आय, फ्रान्सचा एफ, जर्मनीचा डी (ते स्वतःच्या देशाला डॉइचलांड म्हणतात ना). आपलं आयएनडी त्याच जातीचं, ती भारताची आंतरराष्ट्रीय खूण आहे, बरेच लोक तिला नुसतं डेकोरेशन समजतात.

पण तुमच्यासारख्या नंबर वाचणाऱ्या माणसाला मला खरं तर तुर्कस्तान दाखवायचाय. तिथे प्रत्येक प्रांताला आकडा आहे, आपल्या जिल्ह्यांसारखाच. अंकारा ०६, इस्तंबूल ३४. हे आकडे नावांच्या अक्षरक्रमाने दिलेत आणि ६७ वर झोंगुलदाक येऊन क्रम संपला. नंतर मोठे प्रांत तोडून नवीन केले, त्यांना मधे कुठे घुसवणार, म्हणून १९८९ ला अक्सराय ६८ झालं आणि १९९९ ला दुजजे ८१. आता आपल्याकडे बघा, नाशिक १५, नगर १६, श्रीरामपूर १७, धुळे १८, जळगाव १९, कसं शेजारी शेजारी चालत येतं, आणि नंदुरबार एकदम ३९! कारण नंदुरबार जिल्हाच १ जुलै १९९८ ला धुळ्यातून निघाला, तोपर्यंत जवळचे आकडे वाटून झाले होते. फ्रान्समध्ये पण तेच, पॅरिस ७५, आणि १९६८ ला पॅरिसच्या आसपासचे भाग तोडून नवे जिल्हे केले त्यातले काही थेट ९१ ते ९५ वर गेले. जिल्हा कधी जन्माला आला ते नुसत्या नंबरवरून कळतं, मला ही गोष्ट फार आवडते.

मिळून ठरवलेलं म्हणजे १९६८ चा व्हिएन्ना करार. त्यात असं आहे की गाडी दुसऱ्या देशात जाणार असेल तर तिथल्या पोलिसाला नंबर वाचता आला पाहिजे, म्हणून आकडे आपण इंग्रजी म्हणतो ते आणि अक्षरं रोमन, आपली लिपी हवी तर जोडीला लिहा. यावर ग्रीसने काय डोकं लावलं बघा, ग्रीक आणि रोमन दोन्हीत सारखी दिसणारी १४ च अक्षरं प्लेटवर घेतली. रशियाने अशीच १२ निवडली. म्हणजे घरचा माणूस आपल्या लिपीत वाचतो, बाहेरचा रोमनमध्ये, प्लेट एकच. यापेक्षा हुशारीचा उपाय मी तरी बघितला नाही.

आणि नेपाळला गेलात तर जुन्या पद्धतीची प्लेट नक्की बघा, तांबड्यावर पांढऱ्या अक्षरात सरळ देवनागरी, ‘बा २ च’ आणि पुढे आकडे. बा म्हणजे बागमती, च म्हणजे खासगी कार. पूर्ण परदेशी नंबर, पण आपला पाचवीतला पोरगा पण वाचेल. भूतानची खासगी गाडी पण तांबड्या प्लेटचीच, फक्त अक्षरं इंग्रजी.

प्रश्न : आपल्याकडे पिवळी प्लेट म्हणजे टॅक्सी नाहीतर ट्रक. मग टीव्हीवर लंडन दाखवतात तिथे घरच्या गाड्यांना पण मागे पिवळी प्लेट कशी?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : ताई, तिकडे रंग धंद्यावरून नाही ठरत, पुढची पांढरी आणि मागची पिवळी, सगळ्याच गाड्यांना. श्रीलंका, हाँगकाँग इथे पण तसंच. त्याआधी इंग्लंडमध्ये काळ्या प्लेटवर पांढरी अक्षरं असायची, आठवतं का, आपल्या जुन्या स्कूटर आणि अँबेसिडरना पण तशाच होत्या! मलेशिया, सिंगापूरमध्ये काळी प्लेट अजून चालू आहे. जपानमध्ये मात्र पिवळी दिसली तर टॅक्सी समजू नका, ती ६६० सीसीपर्यंतच्या छोट्या घरगुती गाडीची असते आणि धंद्याच्या गाडीला तिथे हिरवी. आपल्याकडे हिरवी म्हणजे इलेक्ट्रिक, २०१८ पासून, चीनमध्ये पण इलेक्ट्रिकला हिरवीच, इंग्लंडने डिसेंबर २०२० पासून नुसती हिरवी पट्टी दिली.

धुळ्याच्या दादांना एक विनंती, भाच्याला ग्रीसची प्लेट दिसली तर फोटो इकडे पाठवा, पुढच्या अंकात छापू.